गिलक्यांचा मांडव : कामाच्या नोंदी

६ एप्रिल, रविवार

रामनवमीची सुट्टी रविवारीच गेली, तेव्हा कामाला तरी लावली. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत वेलांचा मांडव करायचा. १० फूट लांब, ८ फूट रुंद, ७ फूट उंच. गेली दोन वर्षं चार बल्ल्यांवर नायलॉनची जाळी ताणत होतो. श्रावण आला की दुधी आणि गिलक्यांच्या (घोसाळ्यांच्या) ओझ्याने जाळीला पोट सुटायचं आणि भाजी तोडायला कमरेत वाकून आत शिरावं लागायचं. बल्ल्या निलगिरीच्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यातली एक जमिनीलगत करकोचा पाडल्यासारखी तुटली. वरचं लाकूड ठणठणीत, खालचं मातीतलंही बरं, कुजला तो बरोब्बर मधला वीतभर भाग. हवा आणि ओल दोन्ही मिळते तिथेच लाकडाचा घात होतो.

लाकूड विकत घ्यायचं नाही. बामणोदचं आजोबांचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर गेल्या वर्षी उतरवलं. वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला चार खांब, दोन सरे (खांबांवरच्या आडव्या तुळया), सात कड्या (छताचे वासे) आल्या. शिवाय कुणालाच नको होते म्हणून चार तळखडे, म्हणजे खांबांखालचे दगड. सगळं सागवान, तळखडे अर्थात काळ्या दगडाचे.

मायचं म्हणणं (पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या) : "गिलक्याले सागवान? पऱ्हाट्या रोवल्या तरी चढतात ते."

लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

१३ एप्रिल

लाकूड निवडलं. खांब पाच इंची चौरस, शंभर वर्षांचा धूर खाऊन काळे झालेले. वरवर पाहिलं तर सगळे सारखे, पण पटाशीचं टोक टोचलं की फरक कळतो. तीन खांब गाभ्याचे, पटाशी आत जात नाही. चौथ्याच्या एका कडेला फिकट पट्टा आहे, सालीजवळचं लाकूड. तिथे पटाशी लोण्यात गेल्यासारखी गेली आणि आतून उधईची (वाळवीची) माती सांडली. सागवानाला उधई लागत नाही म्हणतात ते गाभ्यापुरतं खरं. तेवढा पट्टा तासून टाकला, खांब चार इंची राहिला. चालेल.

कटरने पहिल्या कडीचं टोक कापताना ठिणग्या उडाल्या आणि पात्याचे तीन दात गेले. आत लोहाराच्या हातचा चौकोनी खिळा, वर लाकूड मिटलेलं. त्यानंतर जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधलं आणि प्रत्येक कडीवरून इंच-इंच फिरवलं. एकोणीस खिळे निघाले. ही अक्कल आधी सुचली असती तर नवं पातं आणावं लागलं नसतं.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी ४४ अंश. सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच काम.

खड्डे खणायला घेतले आणि कामाचा खरा विषय समोर आला. आमची माती काळी, तापीकाठची, खोल. या दिवसांत तिला भेगा पडतात. एका भेगेत फूटपट्टी उभी धरली तर चौदा इंच आत गेली. हीच माती आषाढात फुगून भेगा मिटवते. म्हणजे वर्षातून एकदा ती पसरते आणि एकदा आक्रसते, आणि तिच्यात जे रोवलं असेल ते धरून वर ढकलते. गावातल्या कुंपणांचे खांब दारू प्यायल्यासारखे का उभे असतात, त्याचं हे कारण. तीन फूट खणलं तरी काळीच. मुरूम लागला नाही.

जळगावचे मेहुणे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काढलेली पद्धत आहे : खाली पोट फुगवलेला काँक्रीटचा खांब, साडेतीन मीटर खोल, जिथे ऊन-पावसाचा फरक पोचत नाही तिथपर्यंत. साडेतीन मीटर म्हणजे साडेअकरा फूट. मी विचारलं, "गिलक्यांसाठी?" ते म्हणाले, "मग हलू दे. पण हलल्यावर सरळ करता येईल असं काहीतरी ठेव." आणि एक काम सांगितलं : "आत्ताच पातळी मोजून ठेव. घराच्या भिंतीवर खूण करू नको, भिंतही त्याच मातीवर आहे. बोअरच्या केसिंग पाइपावर कर. तो खोलवर गेलेला आहे, तो हलणार नाही."

२० एप्रिल

तळखड्यांबद्दल. माझ्या मनात होतं की जसे आजोबांच्या घरात होते तसेच खांब तळखड्यांवर उभे करायचे. दगड जमिनीच्या वर, खांब दगडाच्या वर, ओल लागायचा प्रश्नच नाही. शंभर वर्षं ते खांब टिकले ते त्यामुळेच. पण रात्री झोपताना हिशेब केला. धाब्यावर हातभर मातीचा थर असतो. १० गुणिले ८ फुटांवर फूटभर माती धरली तरी ८० घनफूट. घनफुटाला ४५ किलो म्हटलं तर साडेतीन टन. एवढं ओझं डोक्यावर असलेला खांब दगडावरून कुठे जाणार? माझा मांडव वेलांसकट अडीचशे किलोच्या वर जाणार नाही. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तिथे पानांनी भरलेला मांडव म्हणजे शीडच. नुसता दगडावर ठेवला तर शेजाऱ्यांच्या अंगणात जाईल.

म्हणून तळखडे नाहीत. एक मायने लगेच नेला, तुळशीपाशी बसायला.

त्याऐवजी : सव्वा फूट चौरस खड्डा, तीन फूट खोल, तळाशी दीड फुटापर्यंत रुंद केलेला. काँक्रीटच्या बाजूंना जाड प्लास्टिक लावून बाहेर वाळू, म्हणजे फुगलेल्या मातीला काँक्रीट घट्ट धरता येऊ नये. काँक्रीटमध्ये २० मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड उभा. रॉडवर खाली-वर दोन नट, त्यांच्यात लोखंडी बूट, बुटात खांब. नट फिरवला की खांब वर-खाली. काँक्रीटचा माथा चारी बाजूंना उतरता ठेवला. पाणी थांबायला नको.

चौथा खड्डा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर येतो. तिथली माती एप्रिलातही ओली, भेग नाही. हा कोपरा दगा देणार असं वाटतं. तिथे जास्त सिमेंट घातलं.

२६ एप्रिल, शनिवार

बूट आले. वेल्डिंगवाल्याला सहा मिलिमीटरच्या पट्टीचे, दोन बाजू उघड्या असलेले सांगितले होते. त्याने चारी बाजूंनी बंद करून सुबक डबे करून दिले. म्हणाला, "मजबूत राहतं भो." मजबूत आहेत. रेड ऑक्साइडचे दोन हात दिले.

रबरी नळीत पाणी भरून चारही नटांची पातळी केसिंग पाइपाच्या खुणेशी जुळवली. सुताभराचाही फरक नाही. खूण करवतीने खरवडली, पेन्सिल धुऊन जाईल.

२७ एप्रिल, रविवार

खांब उभे राहिले. चौघे लागले : मी, पुतण्या, शेजारचे काका आणि काकांचा सल्ला.

आनंदाची गोष्ट अशी की खांबांच्या डोक्यावरचे कुसू (भोकात बसणाऱ्या जिभा) आणि सऱ्यांतली भोकं अजून एकमेकांना ओळखत होती. उतरवताना खडूने आकडे घालून ठेवले होते, ते कामी आले. पाचर मारली की सांधा घट्ट. एकही खिळा नाही. ज्या सुताराने ते कोरले तो कोण होता हे आता घरात कुणाला माहीत नाही. त्याने एका खांबाच्या कुसवावर पटाशीने तीन रेघा मारल्या आहेत, त्याच्या जोडीच्या भोकापाशीही तीनच. म्हणजे माझ्या खडूची गरज नव्हती.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी (अक्षय्य तृतीया). बहीण आणि दोन्ही भाच्या आल्या. गल्लीतल्या कडुलिंबाला झोका बांधलेला, पण त्याला रांग. मी जेवून लवंडलो होतो. उठलो तर मांडवाच्या सऱ्याला दोर, धाकटी भाची झोक्यावर, थोरली ढकलतेय आणि माझी सख्खी बहीण गौराईचं गाणं म्हणतेय.

रागवायला गेलो आणि थांबलो. झोक्याबरोबर अख्खा सांगाडा पुढे-मागे जात होता. वरच्या टोकाला चांगली चार बोटं. कुसू शाबूत, पाचरी शाबूत, पण चौकट अशी तिरकी होत होती जशी रिकामी काड्यापेटी दाबली की होते. दोन दिवसांपूर्वी मी स्वतः खांदा लावून हलवून पाहिला होता, तेव्हा गच्च वाटला होता.

धाब्याच्या घरात खांबांच्या आजूबाजूला मातीच्या जाड भिंती असतात. डुलणं त्या अडवतात. कुसवाचं काम फक्त ओझं खाली पोचवणं. मी खांब आणले, सरे आणले, भिंती बामणोदलाच राहिल्या.

भाच्यांना आणखी वीस मिनिटं झुलू दिलं, कुठे किती हलतं ते बघून घ्यायला. त्यांना वाटलं मामा मऊ पडला.

४ मे

तिरपे टेकू बसवले. उरलेल्या कड्या दोन-दोन फुटांच्या कापून, खांब आणि सरा यांच्या कोपऱ्यात ४५ अंशांत, चारही खांबांना दोन्ही दिशांनी. एकूण आठ. अर्धी खाच पाडून बोल्ट. गुण्या लावून कापलेले पहिले दोन टेकू चुकले, कारण जुने खांब स्वतःच काटकोनात नाहीत. नंतरचे जागेवर धरून, रेघ मारून कापले.

नंतर पुतण्याला (६२ किलो) सऱ्याला लोंबकळायला लावलं. हलला, पण बोटाच्या पेराइतका.

१० मे

वरचं काम. कड्या संपल्या, म्हणून आडवे बांबू. सातपुड्याच्या पायथ्याचा मानवेल, जवळजवळ भरीव. केळीच्या घडांना टेकू द्यायला हाच वापरतात, त्यामुळे गावात मिळायला अडचण नाही. काकांच्या मते बांबू अंधाऱ्या पक्षात तोडलेला हवा, नाहीतर भुंगा लागतो. चंद्राचं मला सांगता येत नाही, पण भुंग्याला बांबूतलं पिठूळ सत्त्व हवं असतं आणि ते पाण्यात उतरतं हे खरं. म्हणून गेले तीन आठवडे बांबू शेतातल्या हौदात दगडाखाली बुडवून ठेवले होते. बाहेर काढले तेव्हा जो वास आला त्यावरून सत्त्व उतरलं असणार.

प्रत्येक बांबू पेराच्या लगेच वर कापायचा, म्हणजे उघड्या नळीत पावसाचं पाणी साचत नाही. खिळा मारायचा नाही, फुटतो. आधी ड्रिलने भोक, मग काथ्याने आवळायचं. दीड-दीड फुटावर सात बांबू, त्यांच्यावर आडव्या कामट्या.

काका म्हणाले, सगळाच बांबूचा केला असता तर काय बिघडलं असतं? या गावात त्यावर वाद घालता येत नाही. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथेच, फैजपूरला झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि मंडपाची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांकडे सोपवली होती. गावात मिळेल तेच वापरायचं ही अट. त्यांनी बांबूचंच केलं. फक्त ते काही दिवसांपुरतं होतं, आणि त्यावर दुधी चढणार नव्हते.

११ मे

जवसाचं तेल, दोन हात. पुसायची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. या उन्हात तर नकोच. तारेवर एकेक पसरून वाळवली.

२० मे, मंगळवार

अवकाळी. रात्री वारा, मग तासभर दणकून पाऊस. मांडव जागचा हलला नाही. सकाळी खुशीत बघायला गेलो तर चारही बुटांत पाणी. सुबक, मजबूत, बंद डबे. खांबांचे पाय त्यात दोन बोटं बुडालेले. निलगिरी जमिनीलगत कुजली म्हणून एवढा खटाटोप केला आणि सागवानासाठी मीच लोखंडाच्या वाट्या करून आणल्या.

२५ मे

दुरुस्ती. एकेक खांब जॅकवर उचलून तळाचं लाकूड अर्धा इंच कापलं. आता खांब बुटाच्या तळावर टेकत नाही, दोन आडव्या बोल्टवर तोलून राहतो, खाली बोट जाईल एवढी फट. बुटाच्या तळाला कोपऱ्यांत दोन-दोन भोकं. कापलेल्या टोकांना तेल पाजलं, लाकडाचं पाणी पिणं तिथूनच जास्त. अख्खा दिवस गेला.

८ जून, रविवार

मृग. बिया लावल्या. भिंतीकडे गिलके आणि दोडके, मोरीच्या कोपऱ्यात दुधी (त्याला पाणी लागतं), उत्तरेला कटुर्ल्याचे (करटोलीचे) कंद. कटुर्ल्याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात हे गेल्या वर्षी कळलं. एकच वेल होता, भरपूर फुलला, फळ एक नाही. यंदा कंद देणाऱ्याकडून सहा मादीचे आणि एक नराचा असं विचारून आणलं. खरं-खोटं फुलं आल्यावर.

२९ जून

सगळं उगवलं, आणि वेल खांबाच्या बुडाशी जमिनीवर वळवळतायत. चढत नाहीत. ताणा खांबाला लागतो, चाचपतो आणि सरकतो. ताण्याला गुंडाळायला बारीक काहीतरी लागतं, पेन्सिलीएवढं. चार-पाच इंची गुळगुळीत, वर तेल पाजलेल्या सागवानाला तो मिठी मारणार कशी? वर कामट्यांची एवढी छान जाळी केली, पण तिथपर्यंत जायला जिना ठेवला नाही.

मी काथ्या आणायला बाजारात गेलो. परत आलो तोवर मायने प्रत्येक आळ्यात तीन-चार पऱ्हाट्या खोचून, खांबाला तिरक्या टेकवून, केळीच्या भिजवलेल्या सोपटाने (खोडाच्या सालीने) बांधून टाकल्या होत्या. काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

१ जुलै

पऱ्हाट्यांवर सगळे वेल चढले. दोन दिवसांत.

१३ जुलै

वेल माथ्यावर पोचेपर्यंत बगलेतले फुटवे खुडतोय, म्हणजे एकच शेंडा जोरात वर जातो. वर पोचल्यावर शेंडा मोडायचा, मग तिथे पसरतात. सोपटाची गाठ चांगली : वेलाला काचत नाही आणि पावसाळा संपेपर्यंत आपोआप कुजून सुटते. प्लास्टिकची सुतळी गेल्या वर्षी वेलाच्या अंगात रुतली होती.

३ ऑगस्ट, रविवार

शेजारी कानबाई (खानदेशातली देवी) बसली. पहिली सात गिलकी तोडली, सरळ उभ्याने, मान वर करून. तीन त्यांच्याकडे दिली, बाकीची भजी. मांडवाखाली लोंबणारी गिलकी सरळ वाढतात. जाळीवर पडून वाढायची ती कोयत्यासारखी वाकडी असायची. कटुर्ल्याला मादी फुलं दिसली, फुलाखाली बारीक काटेरी गाठ. नरही आहे. कंदवाला खरा निघाला.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळ्याच्या धामधुमीनंतर आज निवांत. जमीन पूर्ण मुरलेली, भेगांचा पत्ता नाही. पाण्याची नळी काढून पातळी घेतली.

मोरीचा कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा दोन सूत खाली. मला वाटलंच होतं. तिथली माती कायम ओली, खचणारच. नट वर फिरवायला पाना लावला, आणि मेहुण्यांचं वाक्य आठवलं म्हणून आधी केसिंगच्या खुणेशी ताडून पाहिलं.

मोरीचा कोपरा खुणेशी तंतोतंत. एप्रिलात होता तिथेच. वर आलेत ते दुसरे तिघे, प्रत्येकी साधारण दोन सूत. मोरीकडची माती बारा महिने ओली, ती फुगायची राहिलीच नाही. भेगाळलेली, कोरडी ठणठणीत, ज्यांच्यावर मी भरवसा ठेवला त्या तिन्ही जागांनी पाणी पिऊन खांब उचलले. नळी नुसती आपसांत धरली असती तर एकट्या जागेवर असलेल्या खांबाला मी वर उचलून बाकीच्यांच्या रांगेत बसवलं असतं.

दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर. आट्याचा एक फेरा अडीच मिलिमीटरचा. तिन्ही खांबांचे खालचे नट दोन-दोन फेरे आणि वर थोडं, असे उतरवले. एकदम नाही, अर्धा फेरा इथे, अर्धा तिथे, गोल फिरत. वर पन्नासेक किलो दुधी लटकलेत याचं भान ठेवून. एका टेकूचा बोल्ट चर्रर्र वाजला, एवढंच.

संध्याकाळी दोडक्याची फुलं उघडायला लागली. ती दिवस कलला की उघडतात, गिलक्यांची सकाळी. एकाच मांडवावर दोन पाळ्या चालतात.

२६ ऑगस्ट

जमीन वाळली की हेच नट उलटे फिरवावे लागतील. दिवाळीनंतर एकदा, होळीला एकदा. ३० नंबरचा पाना हरवायला नको म्हणून परवा मांडवाच्या बांबूलाच टांगला होता. आज काढायला गेलो तर एका गिलक्याच्या ताण्याने त्याच्या दांडीला तीन वेढे घातलेत. बाजारातून दुसरा पाना आणतो.